तोटी नाही, तरी किटली? (आजेसासूबाई विरुद्ध मी)

होटगीरोडवाली | शनिवार, रात्री ९:१०

परवा आजेसासूबाईंनी माळ्यावरची किटली काढून दे म्हणून सांगितलं. वय ८६, पण हाक अशी की खालच्या मजल्यावरचा भाडेकरूही 'ओ' देतो. मी स्टुलावर चढले, परातींच्या मागं चहाची स्टीलची किटली सापडली, ती पुसून त्यांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी एकदा किटलीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"अगं, हिला तोटी हाय की! ही चहाची. मला किटली पायजे."

परत स्टूल. दुसऱ्या खेपेला पुरणयंत्र खाली आलं. तिसऱ्या खेपेला नवरा आला आणि त्यानं काही न विचारता बरोबर वस्तू काढली. जर्मनचा उभट डबा, मान जराशी अरुंद, वर घट्ट बसणारं झाकण, उचलायला अर्धगोल कडी. तोटी नाही, बाजूला मूठ नाही. एके काळी ह्यातून रतिबाचं दूध यायचं म्हणे. आता पाहुण्यांच्या शेतावरून ताक येणार होतं आणि ताक प्लास्टिकच्या बाटलीतून आणणं आजींना मंजूर नाही.

सासर सोलापूर, माझं माहेर डोंबिवली. तिथं दूध पिशवीतून येतं आणि किटली म्हणजे चहाचं तोटीवालं भांडं, दुसरं काही नाही. मी म्हटलं, ह्याला कॅन म्हणतात. नवरा म्हणाला, कॅन डेअरीवाल्याचा असतो, कमरेएवढा; ही किटलीच. जेवणं उरकेपर्यंत हेच चाललं होतं.

तर जाणकारांनो, तोटी नसलेल्या भांड्याला किटली म्हणणं बरोबर आहे का? आणि मुळात हा शब्द कुठला? आजींना चूक ठरवायची माझी हिंमत नाही. नवऱ्याला ठरवायचंय.

चाटीगल्ली | शनिवार, रात्री ९:२२

आजी बरोबर. धागा बंद करा.

कडकभाकरी | शनिवार, रात्री ९:४०

का बे, असा कसा बंद? आत्ता तर चहा ठेवलाय.

ताई, दोन्हींना किटलीच म्हणतात. फरक सांगायचा झाला तर आधी 'दुधाची' नाहीतर 'चहाची' लावायचं. नुसतं 'किटली' म्हटलं तर घरात दुधाची समजायची आणि बाजारात चहाची. निदान आमच्याकडं तरी असं होतं.

नवी पेठेत माझ्या चुलत्यांचं कापडाचं दुकान होतं. गिऱ्हाईक गादीवर टेकलं की काका गल्लीत तोंड काढून ओरडायचे, "ए किटलीऽऽ!" आणि चहावालं पोरगं यायचं. एका हातात किटली, दुसऱ्या हातात तारेच्या जाळीत सहा ग्लास. ओतताना किटली पार कानापर्यंत वर न्यायचं, धार लांब व्हायची, आणि पांढऱ्या गादीवर एक थेंब पडायचा नाही. ह्या पोराचं खरं नाव मी कधी विचारलं नाही. सगळी गल्ली त्याला किटलीच म्हणायची. आज आठवलं की कसंतरी होतं.

शब्दखोदू | शनिवार, रात्री ११:०५

शब्दापुरतं बोलायचं तर 'किटली' इंग्रजी 'केटल'वरून आली, ह्यात वाद नाही. पण ह्या केटलला तोटी कधी फुटली हे बघितलं, तर ताई, तुमचा डोंबिवली पक्ष अडचणीत येतो.

लॅटिनमध्ये 'कॅटिनस' म्हणजे खोलगट वाडगा, थाळा. त्याचं लहान रूप 'कॅटिलस'. आपल्याकडं लोटा-लोटी, हंडा-हंडी, डबा-डबी असतं ना, तसंच. रोमन लोकांशी देवघेव करताना उत्तरेकडच्या जर्मानिक टोळ्यांनी हे भांडं घेतलं आणि भांड्याला चिकटून शब्दही गेला. आज जर्मनमध्ये तो 'केसेल' आहे, डचमध्ये 'केटेल'. रशियनांनी तो जर्मानिक भाषांकडून उचलला आणि 'कत्योल' केला. फिनिश भाषा तर ह्या कुळातलीसुद्धा नाही, तरी तिच्यात 'कत्तिला' म्हणजे पातेलं! जुन्या इंग्रजीत सुरुवातीला 'च' होता, 'चेतेल' असं काहीसं. तिथला 'क' बहुधा नॉर्स बोलणाऱ्या वायकिंगांच्या 'केटिल'मुळं आला असं मानतात.

आता ह्या सगळ्या मंडळींच्या डोळ्यांसमोर कुठलं भांडं होतं? मोठं, उघड्या तोंडाचं, विस्तवावर टांगायचं. त्यात मांस शिजायचं, लापशी शिजायची. तोटीचा पत्ता नाही. अख्खा मासा शिजवायच्या लांबट भांड्याला इंग्रजीत आजही 'फिश केटल' म्हणतात. 'केटलड्रम' म्हणजे तांब्याच्या अर्धगोलावर कातडं ताणलेलं वाद्य, आपल्या नगाऱ्याचा भाऊबंद. त्यालाही तोटी नाही. आणि ह्या भांड्याला घरात एवढा मान होता की नॉर्स लोक मुलांची नावं त्यावरून ठेवायचे. 'थोरकेल' म्हणजे थोर ह्या देवाची किटली. हसू नका, आपल्याकडं हांडे आडनाव आहे.

चहा युरोपात पोचला सतराव्या शतकात. पाणी उकळायची तोटीवाली 'टी-केटल' घराघरांत गेली ती त्यानंतर. म्हणजे शब्दाचं वय बघितलं तर तोटी कालची पोर आहे. आजींची बिनतोटीची किटली मूळ अर्थाच्या जास्त जवळ जाते.

होटगीरोडवाली | शनिवार, रात्री ११:१२

हा प्रतिसाद मी घरात कुणाला दाखवणार नाही.

चाटीगल्ली | रविवार, सकाळी ७:३०

काय करलालाव बे सगळे, रविवारी सकाळी उठून लॅटिन?

मूळशोधक | रविवार, सकाळी ८:१५

सगळं साहेबानं दिलं असं म्हणायची एवढी घाई का असते कळत नाही. मराठीत 'किटण' हा अस्सल शब्द आहे, संस्कृत 'किट्ट' म्हणजे मळ, गंज. चहाच्या किटलीत आतून तो तपकिरी थर बसतो, कितीही घासा, जात नाही. जिला किटण चढतं ती किटली. शिवाय आपली कढई 'कटाह'वरून आली. तुमचा तो कॅटिनस कटाहाचाच कुणी नातलग नसेल कशावरून?

शब्दखोदू | रविवार, सकाळी ९:००

किट्ट आणि किटण दोन्ही खरे. कटाहाची कढई झाली, तेही खरं. पण किटण तव्यालाही चढतं, फोडणीच्या कढल्यालाही चढतं. त्यांना कुणी किटला म्हटलं नाही. चहाच्याच भांड्यावर किटणाची एवढी मर्जी का?

त्यात शेजारीपाजारी बघा. गुजरातीत कीटली, हिंदी-उर्दूत केतली, बंगालीत केटली, नेपाळीत कित्ली. ह्या सगळ्यांनी आपापल्या घरी, एकाच किटणावरून, एकाच भांड्याला, जवळजवळ एकच नाव ठेवलं असं मानावं लागेल. त्यापेक्षा एकच परका शब्द सगळ्यांच्या दारात आला आणि ज्यानं त्यानं तो आपल्या जिभेप्रमाणं वळवला, हे मानणं सोपं. कॅटिनस आणि कटाह कानाला सारखे लागतात एवढंच. नुसत्या सारखेपणावर सोयरीक जुळत नाही.

ह्या यादीत एक गंमत आहे. हिंदीत बोतल आणि केतली, मराठीत बाटली आणि किटली. इंग्रजी 'ट' आपण बहुतेक वेळा 'ट'च ऐकतो, हिंदीनं ह्या दोन शब्दांत 'त' केला. नियम म्हणून मिरवू नका, कारण लगेच कुणीतरी तिकीट काढून दाखवेल.

टेरीटॉवेल | रविवार, सकाळी ९:१८

मग तौलिया आणि टॉवेल? तेही ह्याच हिशेबात का? आमच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे.

शब्दखोदू | रविवार, सकाळी ९:३१

ते जरा वेगळं. तौलिया पोर्तुगीजांच्या 'तोआल्या'वरून आला, टॉवेल इंग्रजीतून. पण मागं गेलात तर दोघं एकाच आजीची नातवंडं. तो जुना जर्मानिक शब्द धुण्यावरून आलेला आहे. टॉवेल विणणाऱ्या गावाला हे माहीत असायला हरकत नाही.

बार्शीची_लेक | रविवार, सकाळी १०:४५

मी शाळेत मराठी शिकवते, त्यामुळं माझा प्रश्न वेगळा. केटलची किटली का झाली? शेवटचा 'ल' आपल्याला जड जातो असं नाही. टेबल टेबलच राहिलं, बंडल बंडलच राहिलं, सायकलला कुणी सायकली म्हणत नाही (अनेकवचन सोडून).

मला वाटतं स्वयंपाकघरात शिरलेला शब्द तिथल्या बाकीच्या भांड्यांकडं बघून वागायला शिकतो. वाटी, पळी, बरणी, झारी, सुरई, कळशी. हातात मावणारी, उचलून न्यायची भांडी मराठीत ईकारान्त बाई होतात. बाटली तशीच झाली. बादलीचं तर आणखी मजेदार आहे. पोर्तुगीज 'बाल्दी'ची आपण 'बालदी' केली, मग 'ल' आणि 'द' यांनी जागा बदलल्या आणि झाली बादली. मुंबईकडं अजून बालदी ऐकू येते. त्याच पोर्तुगीजांकडून आलेलं पिंप मात्र मोठं, जागचं न हलणारं, त्याला 'ई' लागली नाही. घमेलंही त्यांचंच. वर्गात हे सांगितलं की मुलं घरी जाऊन आईच्या भांड्यांची झडती घेतात आणि दुसऱ्या दिवशी मला 'कुकर कुठला?' विचारतात.

चाटीगल्ली | रविवार, सकाळी ११:०२

बाई, लग्नात आचारी मोठ्या किटलीला 'किटला' म्हणतात. स्वतः ऐकलंय. "किटला रिकामा झाला बे, पातेलं उतरवा!"

बार्शीची_लेक | रविवार, सकाळी ११:०६

बघा! लोटी-लोटा. व्याकरण आचाऱ्याला शिकवावं लागत नाही.

पूर्वभाग | रविवार, दुपारी १:२०

आमच्या घरात तेलुगू, गल्लीत मराठी, बाजारात जे समोर येईल ते. आईला तांब्या म्हणजे 'चेंबु'. हा शब्द कन्नडवाल्यांकडंही आहे, आणि मराठीतला चंबू त्याचाच. तमिळमध्ये 'सेंबु' म्हणजे सरळ तांबं हा धातू. म्हणजे तांब्याच्या नावात तांबं, चंबूच्याही नावात तांबं. आज आमच्या घरी दोन्ही स्टीलचे.

किटलीच्या नावात मात्र धातू नाही, म्हणून तो पुढं लावावा लागतो. स्टीलची किटली, जर्मनची किटली. ताईंनी वर 'जर्मनचा डबा' लिहिलंय, बाहेरच्या वाचकांनी तो जर्मनीहून आला असं समजू नये. जर्मन सिल्व्हर नावाचा एक मिश्रधातू असतो, तांबं, निकेल आणि जस्ताचा, त्यात चांदी औषधालाही नसते. त्यासारखं पांढरं दिसतं म्हणून आपल्याकडं ॲल्युमिनियमलाच लोक जर्मन म्हणायला लागले. आमच्याकडं 'जर्मल'सुद्धा म्हणतात.

आता माझी किटली सांगतो. लहानपणी वडिलांना डबा द्यायला मी पॉवरलूमच्या कारखान्यात जायचो. तिथं मागांचा असा खडखडाट की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. चहावाला आत येऊन हाक मारायचाच नाही. दारात उभा राहून नुसती किटली डोक्यावर धरायचा. ती दिसली की कामगार एकेक माग थांबवायचे, आवाज टप्प्याटप्प्यानं खाली यायचा, आणि शेवटी ग्लासांची किणकिण ऐकू यायची. मला तो चहा मिळायचा नाही. बशीतला उरलेला मिळायचा.

कडकभाकरी | रविवार, दुपारी १:३५

अण्णा, डोळ्यांसमोर उभं केलंत.

जुनीमिल | रविवार, दुपारी ४:१०

मी ह्या धाग्यावर बहुतेक सर्वांत म्हातारा. वडील गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, होते, आणि माझं मत असं की किटली हा शब्द साहेबाच्या टेबलावरून आपल्या घरात आलेला नाही. साहेबाच्या टेबलापर्यंत आपल्यापैकी कितीजण पोचले?

गावात रेल्वे आली १८६० साली, जुनी मिल सुरू झाली १८७७ साली. चहा तेव्हा आपल्या लोकांचा नव्हता, मळ्यांतला माल विलायतेला जायचा. १९०३ साली सरकारनं कायदा करून निर्यातीच्या चहावर सेस बसवला, आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला कापडगिरण्या, खाणी, कारखाने इथं कामगारांसाठी चहाचे स्टॉल निघाले. रेल्वे स्टेशनांवरही तेच. दमलेला माणूस, हातात थोडे रोख पैसे आणि दहा मिनिटांची सुट्टी, ह्याहून चांगलं गिऱ्हाईक चहाला कुठं मिळणार होतं?

चहा पातेल्यात नेता येत नाही. भोंगा व्हायच्या आत तो खात्याखात्यात पोचवायचा तर झाकणाचं, तोटीचं भांडं लागतं. शब्द त्या भांड्याबरोबर कामगाराच्या तोंडी आला आणि संध्याकाळी त्याच्याबरोबर घरी गेला. कुर्डुवाडी-दौंडच्या फलाटावरच्या किटल्या जुन्या लोकांना आठवत असतील, बुडाशी निखाऱ्यांचा कप्पा असलेल्या. थंडीत गाडीच्या खिडकीतून आधी तिची धग यायची, चहा मागून.

नवऱ्याचा_वकील | रविवार, सायंकाळी ६:००

'चहापेक्षा किटली गरम' अजून कुणी कसं आणलं नाही? आपल्या गावात तर ह्या म्हणीला रोज काम असतं. साहेब हसून नमस्कार करतात आणि त्यांच्या गाडीचा दरवाजा उघडणारा आपल्याला ओळख विचारतो.

(ह्याखालचे तीन प्रतिसाद उडवले आहेत. म्हणीवर बोला, माणसांची नावं नकोत. – संपादक)

एमआयडीसी_अक्कलकोटरोड | रविवार, रात्री ८:१५

म्हणीत विज्ञान शोधायचं तर नुसत्या किटलीचं तापमान आतल्या चहाच्या वर जाऊ शकत नाही, ती तापते चहामुळंच. पण धातू उष्णता झटकन हाताला देतो, म्हणून चटका तिचा जास्त लागतो. जुनीमिल काकांच्या निखाऱ्याच्या किटलीत मात्र म्हण अक्षरशः खरी, बूड चहापेक्षा गरम असणारच.

माझं विजेच्या वस्तूंचं दुकान आहे. गेल्या काही वर्षांत एक बदल दिसतोय. विजेवर चालणारी मागताना पोरं 'किटली' म्हणत नाहीत, 'केटल' म्हणतात. "काका, हॉस्टेलसाठी केटल दाखवा." त्याच पोराला बाहेर टपरीवर चहा प्यायला नेलं तर तिथं ती किटलीच असते. एकाच शब्दाच्या दोन चुली झाल्या. बाटलीचं तेच झालं. पोरांच्या दप्तरात वॉटरबॉटल असते आणि 'बाटली' म्हटलं की आई कान टवकारते.

जाता जाता, विषय सोडून एक सांगतो, कारण आठवड्यातून दोनदा तक्रार येते. पाणी उकळल्यावर केटल आपोआप बंद होते ती वाफेनं. वाफ एका वाटेनं दोन धातूंच्या चकतीपर्यंत जाते, चकती तापून टक्कन उलटी वळते आणि स्विच पडतो. झाकण उघडं ठेवून मॅगी उकळलीत तर वाफ वर निघून जाते, चकतीला कळतच नाही, आणि केटल चालूच राहते. त्यात माझा काही दोष नाही.

बार्शीची_लेक | रविवार, रात्री ९:२०

दिवसभर डोक्यात हेच होतं. नवऱ्याचा_वकील यांच्या म्हणीनं गाठ सुटली.

इंग्रज माणूस केटलमध्ये काय करतो? पाणी उकळतो. ते पाणी टीपॉटमधल्या पत्तीवर ओततो. त्याच्या केटलमध्ये चहा नसतोच! मग त्याच्याकडं चहापेक्षा किटली गरम होणार कशी? ही म्हण आपल्याच किटलीत शिजू शकते.

आपण काय करतो? चहा, साखर, दूध, आलं, सगळं पातेल्यात उकळतो, गाळणीनं किटलीत गाळतो, आणि किटली घेऊन निघतो. किटलीचं काम चहा करणं नाहीच. तिनं तो न सांडता न्यायचा, गरम धरायचा आणि मोजून ओतायचा. चिनी मातीच्या टीपॉटलाही आपण बिनदिक्कत किटली म्हणतो, कारण तोही चहा धरून बसतो. साहेबानं ज्या दोन भांड्यांना दोन नावं दिली ती आपल्याला एकच वाटली, आणि पाणी उकळण्याचं काम आपण शब्दाला लावूनच घेतलं नाही.

आता दुधाची किटली बघा. झाकण, कडी, पातळ पदार्थ, चालत नेणं. तोटी नाही कारण दूध ग्लासात ओतायचं नसतं, मापानं काढायचं असतं, नाहीतर घरी जाऊन पातेल्यात रिकामं करायचं असतं. ती किटली झाली ती ह्या कामामुळं. त्याचा रोमन लोकांशी काही संबंध नाही. शब्दखोदू सर, तिथं तुम्ही आजींना उगाच लॅटिनच्या पंगतीला बसवलंत.

अहमदाबादला तर 'कीटली' म्हणजे चहाची टपरीच. "कीटलीवर भेटू" म्हणतात. भांडं जिथं उभं राहतं ती जागाच भांड्याच्या नावाची झाली.

शब्दखोदू | रविवार, रात्री १०:०५

बाई, मान्य. पंगतीतून उठवतो. मूळ अर्थ आणि आजींची किटली सारखी दिसतात हा योगायोग, आणि मी तो पुरावा असल्यासारखा मांडला. मुलांनी हीच चूक केली असती तर मी गुण कापले असते.

दूध नेण्याचं हे काम आधी चरवीचं होतं. पितळेची, जड, वेळच्या वेळी कल्हई न केली तर आतला पदार्थ कळकायचा. हलकी, कल्हई न लागणारी, झाकणाची जर्मनची वस्तू आली तेव्हा तिला चरवी म्हणावंसं कुणाला वाटलं नसणार. नवीन धातू, नवीन घडण, आणि कडी-झाकणाचा एक नवा शब्द बाजारात होताच.

मूळशोधक | रविवार, रात्री १०:२०

माझं किटण अजून कुणी पूर्ण घासून काढलेलं नाही, एवढं नोंदवून ठेवतो.

चाटीगल्ली | रविवार, रात्री १०:२२

खायचा सोडा टाका आणि रात्रभर भिजत ठेवा.

होटगीरोडवाली | मंगळवार, रात्री ९:००

उशिरा येतेय, माफ करा. रविवारी ताक आलं, किटलीतूनच आलं, वर लोण्याचा गोळा तरंगत होता. झाकणावर आजींचं माहेरचं नाव घातलेलं दिसलं, टिंबाटिंबांनी कोरलेलं. मी इतकी वर्षं ह्या घरात आहे आणि त्यांचं ते नाव मला माहीत नव्हतं. इथं लिहीत नाही, त्यांना आवडायचं नाही.

तुमचं सगळं त्यांना वाचून दाखवलं. लॅटिनच्या भागात डुलकी लागली. पॉवरलूमच्या दारातली किटली ऐकली आणि "असंच हुतं" म्हणाल्या. इंग्रज लोक किटलीत नुसतं पाणी उकळतात हे सांगितल्यावर मात्र ताठ उठून बसल्या. "का? त्यांच्याकडं पातेली नसतेत?"

त्यावर नवऱ्याला चेव आला. त्यानं कपाटातून त्याची विजेची केटल काढली, पाणी भरलं, बटण दाबलं. आजी बघत बसल्या. आतला उजेड, बुडबुडे, वाफ, मग टक्क. मी म्हटलं, आजी, ह्याला म्हणतात केटल, म्हणजे किटलीच.

"ही कसली किटली? ह्यात पाणी तापतंय. पाणी तापवतो तो बंब."

आमच्या जुन्या वाड्यात तांब्याचा बंब होता, मधोमध निखाऱ्याचं नळकांडं आणि भोवती पाणी, अंघोळीचा. त्याच्यापुढं हे एवढंसं. आमचा आठ वर्षांचा मुलगा तिथंच गृहपाठ करत होता. त्यानं वर न बघता विचारलं, "मग हा छोटा आहे ना? बंबी म्हणायचं का?"

आज सकाळी साडेसहाला नवरा स्वयंपाकघरातून ओरडत होता, "अगं, बंबीत पाणी कुणी ठेवलं नाही का?"

बार्शीची_लेक | मंगळवार, रात्री ९:०४

त्या मुलाला माझ्या वर्गात पाठवा.